इन्कॉग्निटोत साइट चालते, साध्या विंडोत नाही? आधी हे करून बघा

आमचे दाजी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशोब बघतात. परवा सकाळी त्यांचा फोन, "अरं, ती बिलाची साइट काळ्या विंडोत चालतीया, साध्या विंडोत नुसतं गोल फिरतंय, लॅपटॉप फॉरमॅट मारू का?" म्हटलं दाजी थांबा, कशालाच हात लावू नका, संध्याकाळी येतो.

काळ्या विंडोत म्हणजे इन्कॉग्निटोत, ब्राउझरच्या खाजगी विंडोत चालतंय, यातच निम्मं उत्तर आलं की. नेट ठीक आहे, साइट पण ठीक आहे. दोन्हीकडं बंद असती तर गोष्ट वेगळी होती. इन्कॉग्निटो कोऱ्या पाटीनं उघडतं, जुन्या कुकीज (साइटनं ब्राउझरमध्ये ठेवलेल्या लॉगिनसारख्या बारक्या नोंदी) नाहीत, साठवलेला कॅशे (पान पटकन उघडावं म्हणून ठेवलेल्या फायली) नाही आणि आपण मुद्दाम परवानगी दिली नसेल तर एक्स्टेंशन्स (ब्राउझरला वरनं जोडलेली छोटी सॉफ्टवेअर) पण बंद. म्हणजे बहुतेक वेळा गडबड या तिघांतच कुठंतरी असते.

तपासायच्या आधी इन्कॉग्निटोच्या सगळ्या विंडो बंद करा आणि मगच नवीन उघडा, कारण एक जरी उघडी राहिली तरी आधीचं लॉगिन त्यात टिकून असतं आणि मग काय चालतंय काय नाही याचा पत्ताच लागत नाही. क्रोम आणि एजला कंट्रोल शिफ्ट एन, फायरफॉक्सला कंट्रोल शिफ्ट पी.

सुरुवात कंट्रोल शिफ्ट आर नं करा, यानं पान कॅशे सोडून नव्यानं येतं. दाजी दिवसभर एफ फाइव्ह दाबत बसले होते, हळदीच्या हातानं ते बटण पार पिवळं झालं होतं, पण साध्या रिफ्रेशमध्ये जुन्या फायली परत वापरल्या जाऊ शकतात.

मग कुकीज, पण फक्त त्या एका साइटच्या. ॲड्रेस बारच्या डाव्या टोकाला जे चिन्ह असतं त्यावर क्लिक करून कुकीज अँड साइट डेटा मध्ये जा आणि तिथून तेवढ्याच उडवा. "रिक्वेस्ट हेडर ऑर कुकी टू लार्ज" असा मेसेज येत असेल तर दुखणं नक्की इथंच आहे. कृपा करून लगेच 'ऑल टाइम' लावून सगळं साफ करू नका, सगळ्या साइटवरनं लॉगआऊट व्हाल आणि पासवर्डच्या चौकोनात टिक राहिली तर सेव्ह केलेले पासवर्ड पण गेले, दुकानातल्या माणसाचं त्यानं किती अडतं हे मी बघितलंय.

एवढ्यानं नाही भागलं तर एक्स्टेंशन्स, आणि माझ्या अनुभवात कंप्युटरवर जास्त वेळा दोषी हीच निघतात. तीन टिंबं, एक्स्टेंशन्स, मॅनेज एक्स्टेंशन्स. काढून टाकू नका, नुसती सगळी बंद करा आणि साइट उघडा. चालली तर निम्मी चालू करा, परत बघा, बिघडलं तर त्या निम्म्यात आहे, नाहीतर उरलेल्यात. दाजींकडं नऊ होती, चार फेऱ्यांत सापडलं. मार्चअखेरीला पावत्या जोडायला पीडीएफचं एक एक्स्टेंशन टाकलं होतं, बिलाची पीडीएफ उघडायला गेली की ते मधेच स्वतःकडं ओढून घेत होतं. खात्री करायला आम्ही तेवढ्या एकालाच 'अलाऊ इन इन्कॉग्निटो' दिलं, तर काळ्या विंडोत पण गोल फिरायला लागलं. मग काढून टाकलं.

फायरफॉक्सवाल्यांनी हेल्प मेनूतला ट्रबलशूट मोड वापरा, तो एका झटक्यात सगळी एक्स्टेंशन्स बंद करून उघडतो. मोबाईलवरच्या अँड्रॉइड क्रोममध्ये एक्स्टेंशन्सचा प्रश्न सहसा येतच नाही, तिथं कुकीज आणि कॅशेच बघायचं.

हे सगळं करूनही अडलं तर नवीन प्रोफाइल, म्हणजे ब्राउझरमधलं वेगळं कोरं खातं काढा, उजवीकडं वर आपला फोटो असतो तिथनं. जुनं प्रोफाइल आहे तसंच राहतं, काही डिलीट होत नाही. नव्यात साइट चालली तर जुन्यातले बुकमार्क्स एक्स्पोर्ट करून इकडं आणा, दोन-चार दिवस नव्यातच काम करा आणि काही राहिलं नाही ना बघूनच जुनं काढा.