व्हीआयएला बाया आणायच्या कशा: दिंडोरीकडच्या एका आशाची पद्धत

नवीन आशा ताई विचारतात, "ताई, तुमच्या बाया व्हीआयएला, म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीला, येतात तरी कशा?" माझ्या पहिल्या शिबिराला चौघी आल्या होत्या. त्यातली एक मीच.

तारीखच चुकली होती. ऐन द्राक्ष काढणीत शिबिर! खाडा केला की रोज बुडतो, वर मुकादमाची बोलणी. आता मी बोलून ठेवते संक्रांत ते रथसप्तमी, हळदीकुंकवाच्या संध्याकाळी, आणि तपासणी ठेवायला लावते काढणी उरकल्यावर, आठवडे बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी आमच्याकडच्या मजुरांच्या टोळ्या घरी असतात.

बोलताना 'कॅन्सर'पासून सुरुवात करू नका, बाया उठून जातात. मी बागेतलं सांगते. "पानावर डावणी रोगाचा ठिपका दिसला की धावता ना? घड सडायची वाट बघता का?" मग एचपीव्ही. हा विषाणू बहुतेकींच्या अंगातून दोनेक वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात टिकून राहतो, त्यांतल्या काहींना पुढे कॅन्सर होतो, पण त्याला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणून काही त्रास नसतानाच बघून घ्यायचं. अंगावरून लाल जात असेल, संबंधानंतर रक्त दिसत असेल, तर मात्र शिबिराची वाट न बघता डॉक्टर गाठायचा.

सरपंचांना वेगळं सांगावं लागतं. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायांवर अभ्यास झाला, २००९ मध्ये छापून आला. एचपीव्हीची तपासणी एकदाच केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. हे ऐकून आमच्या सरपंचांनी मंडप दिला.

सरकारी नियमात वय ३० ते ६५, दर पाच वर्षांनी. पण पन्नाशीनंतर बघायची जागा आत सरकते, व्हीआयएत नीट दिसत नाही. अशांना पॅप (तोंडावरच्या पेशी घेऊन तपासतात ती) किंवा एचपीव्ही तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारायला लावा. "माझी पिशवी काढलीय" म्हणणारीचा डिस्चार्जचा कागद मागा. कधी पिशवी काढतात, तोंड तसंच ठेवतात.

पाळीत बोलावू नका. साडी किंवा परकर नेसून, लघवी करून यायला सांगा, लेगिंग नको. मी घरून दोन जाड चादरी नेते. पडद्याची फट बघून परत गेलेल्या बाया मी पाहिल्यात. आत काय होतं ते आधीच सांगा: सिस्टर गर्भाशयाच्या तोंडावर पातळ व्हिनेगर लावतात, एक मिनिट थांबतात, बिघडलेली जागा पांढरी उठते. थोडं चुरचुरतं, बस.

आता माझी मोठी चूक. एका वहिनींच्या ओट्यावर उभी राहून मी मोठ्याने म्हणाले, "वहिनी, तुमचा पॉझिटिव्ह आलाय." संध्याकाळपर्यंत सासूबाईंनी त्यांचा पेला वेगळा काढला. वहिनी पंधरा दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. तेव्हापासून निकाल एकटीला गाठून सांगते, तोही असा: "पांढरा डाग दिसलाय, म्हणजे कॅन्सरच असं नाही, दुर्बिणीतून नीट बघायचंय. लागलंच तर तेवढी जागा गोठवून नाहीतर शेकून टाकतात." सासूबाईंना मी वेगळं जाऊन सांगितलं की पेल्याने यातलं काही पसरत नाही. त्यांनी ऐकून घेतलं, पण पेला हलला नाही.

पुढच्या तपासणीला चिठ्ठी देऊन एकटीला पाठवू नका, हरवते. चिठ्ठीही आणि बाईही. वहिनींना मी पहिल्या एसटीने नाशिकला नेलं. आधारकार्ड, शिबिराचा कागद, भाकरीचा डबा घेतला, कारण दुपार होतेच. सासूबाई आपणहून सोबत आल्या. तासभर बाकावर गप्प बसल्या, मग मला कोपर मारून म्हणाल्या, "माझीबी करतील का?"

वय बासष्ट. पॅपसाठी केसपेपर काढला.