लिगामेंटच्या पेशी: वाढतात सहज, टिकवायच्या कशा?

एसीएल म्हणजे गुडघ्यातलं, हाडांना जोडणारं एक लिगामेंट (अस्थिबंध). त्याच्या शस्त्रक्रियेत तुटलेल्या लिगामेंटचा जो भाग काढून टाकावा लागतो, तोच आपला कच्चा माल. एथिक्स कमिटीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती त्याआधी हातात हवी. तुकडा अँटिबायोटिक घातलेल्या थंड डीएमईएममध्ये (पेशी वाढवायच्या पोषक द्रवात) त्याच दिवशी लॅबमध्ये आणा. बडोद्यात मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, त्यामुळे रुग्णालय जवळ असलं तरी थंड डबा हवाच. मात्र फ्रीझरमधून काढलेला आइसपॅक तुकड्याच्या नळीला टेकवू नका, ऊतक गोठतं.

तुकडा पीबीएसने (पेशींना न दुखावणाऱ्या क्षारद्रावणाने) 3 वेळा धुवा. मग सगळ्यात महत्त्वाचं काम: वरचं सायनोव्हियमचं (सांध्याच्या आतल्या पातळ अस्तराचं) आवरण आणि चरबी चिमट्याने पूर्ण सोलून काढा, खालचे पांढरे, चकचकीत, समांतर तंतू दिसेपर्यंत. इथे घाई केली तर सायनोव्हियमच्या पेशी भराभर वाढून फ्लास्क व्यापतात. त्याही टोकदार, लांबट असतात. सूक्ष्मदर्शकाखाली नुसत्या आकारावरून फरक कळत नाही.

1 ते 2 मिमीचे तुकडे करून 2 मिग्रॅ/मिली कोलॅजिनेजमध्ये (लिगामेंटचं मुख्य प्रथिन कोलॅजन विरघळवून पेशी मोकळ्या करणाऱ्या एन्झाइममध्ये) 37 अंशांवर हलक्या हाताने हलवत 6 ते 12 तास ठेवा. या एन्झाइमला कॅल्शियम लागतं, म्हणून ते साध्या पीबीएसमध्ये नव्हे तर सीरम नसलेल्या डीएमईएममध्ये विरघळवा. 70 मायक्रॉनच्या जाळीतून गाळा, 300 जी वर 5 मिनिटं फिरवा आणि प्रति चौ. सेमी सुमारे 5,000 पेशी पेरा. माध्यम: डीएमईएम आणि 10 टक्के एफबीएस (गर्भस्थ वासराचं सीरम); इन्क्युबेटरमध्ये 5 टक्के कार्बन डायऑक्साइड. माध्यम दर 2-3 दिवसांनी बदला.

माध्यमात 50 मायक्रोग्रॅम/मिली अॅस्कॉर्बिक अॅसिड (क जीवनसत्त्व) घालायला विसरू नका. त्याच्याशिवाय कोलॅजनमधल्या प्रोलिन या अमिनो आम्लाचं हायड्रॉक्सिलेशन होत नाही आणि कोलॅजनची तिहेरी वेटोळी टिकत नाही. साधं अॅस्कॉर्बिक 37 अंशांवर लवकर नासतं. 2-फॉस्फेट रूप घेतलेलं बरं.

फ्लास्कचा तळ पेशींनी 80 टक्के भरल्यावर पीबीएसने धुऊन ट्रिप्सिन (पेशी तळापासून सोडवणारं एन्झाइम) लावा, सीरम राहिलं तर ट्रिप्सिन काम करत नाही. पेशी सोडवून नव्या फ्लास्कमध्ये पेरण्याच्या प्रत्येक फेरीला पॅसेज म्हणतात. स्कॅफोल्डसाठी (पेशी बसवायच्या सांगाड्यासाठी) तिसऱ्या पॅसेजपर्यंतच्याच पेशी वापराव्यात. पुढे प्लास्टिकवर त्या वाढत राहतात, पण लिगामेंटपण हळूहळू हरवतं. लिगामेंटच्या पेशींची ओळख असलेल्या कोलॅजन 1, 3 आणि टेनॅसिन-सी या प्रथिनांची पातळी तपासत राहा. म्हणूनच पहिल्या पॅसेजलाच काही व्हायल (छोट्या नळ्या) 10 टक्के डीएमएसओमध्ये (गोठताना पेशी वाचवणाऱ्या द्रवात), मिनिटाला 1 अंश या गतीने गोठवा.

पावसाळ्यात बुरशी डोकं वर काढते: इन्क्युबेटरच्या ट्रेमधलं निर्जंतुक पाणी दर आठवड्याला बदला. मायकोप्लाझ्मा (पेशींना लागणारा अतिसूक्ष्म जिवाणू) मात्र डोळ्यांना दिसत नाही, त्याची पीसीआर (डीएनए ओळखणारी) चाचणी ठरवून करावी लागते.