टू-स्ट्रोक गाडीत ऑइल पंप ठेवावा की पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे? या चुका टाळा

ओझर सोडून पिंपळगाव बसवंतच्या दिशेने जात असताना माझी यामाहाची आरएक्स १०० मोटारसायकल आधी जड झाली, इंजिनाचा आवाज बसका झाला, मागचे चाक क्षणभर फरफटले आणि गाडी बंद पडली. गाडी विकत घेऊन चारच दिवस झाले होते, ऑइलची टाकी काठोकाठ भरलेली दिसत होती आणि त्या भरवशावर मी साधे पेट्रोल भरले होते. टेम्पोत घालून गाडी नाशिकला आणली आणि ब्लॉक (सिलिंडर) उतरवला, तेव्हा पिस्टनवर उभे ओरखडे दिसले. त्याहून वाईट म्हणजे, टाकीतून पंपाकडे जाणाऱ्या नळीच्या तोंडात स्क्रू बसवून ती बंद केलेली होती. आधीचा मालक पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून गाडी चालवत होता, पण टाकीतले ऑइल त्याने तसेच राहू दिले होते. जुनी टू-स्ट्रोक गाडी घेणाऱ्यांकडून होणारी सर्वांत महागडी चूक हीच आहे: टाकीत ऑइल आहे म्हणजे ते इंजिनापर्यंत पोहोचते आहे, असे गृहीत धरणे.

टू-स्ट्रोक इंजिनाच्या क्रँकखाली ऑइलचा साठा नसतो. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण क्रँककेसमधून वर जाते आणि त्याच्याबरोबर आलेले ऑइलच क्रँकचे बेअरिंग, कनेक्टिंग रॉडची दोन्ही टोके, पिस्टन आणि सिलिंडरची भिंत यांना वंगण देऊन शेवटी जळून जाते. गिअरबॉक्समधले ऑइल वेगळे असते. ते कितीही नवे असले तरी पिस्टनला त्याचा उपयोग नाही. जुनी चेतक, लुना आणि येझदी यांत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावे लागे. यामाहाने १९६४ मध्ये ऑटोल्यूब या नावाने वेगळ्या टाकीची आणि पंपाची पद्धत आणली, आणि आपल्याकडे राजदूत ३५०, आरएक्स १०० व कायनेटिक होंडा या गाड्यांमुळे ती घराघरांत पोहोचली.

पंप काढून टाकण्याची घाई

‘पंपाचा भरवसा नाही, काढून टाका,’ हा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास दिला जातो, आणि माझ्या मते रोजच्या वापराच्या गाडीसाठी तो चुकीचा आहे. याचे कारण घाटात कळते. इगतपुरीहून कसारा घाट उतरताना किंवा वणीचा गड उतरताना ॲक्सिलेटर बंद असतो, पण गाडीच्या ओढीने इंजिन वेगाने फिरत राहते. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळलेले असेल तर पेट्रोल कमी झाले की ऑइलही तितकेच कमी होते, म्हणजे पिस्टन सर्वाधिक पळत असतानाच त्याला सर्वांत कमी वंगण मिळते. पंप मात्र इंजिनाच्या फिरण्यावर चालतो आणि ॲक्सिलेटरची केबल फक्त त्याचे माप कमी-जास्त करते. त्यामुळे ॲक्सिलेटर बंद असतानाही थोडे ऑइल जात राहते. मिश्रणावर चालणारी गाडी घाटात न्यायचीच असेल, तर दर काही वळणांनंतर क्लच दाबून ॲक्सिलेटर एकदा पिळावा, आणि इंजिन बंद करून उतरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

पंप चालू आहे की नाही, हे ओळखणे सोपे आहे. ऑइलच्या पातळीवर बाहेरून मार्करने रेघ ओढावी आणि शंभर-दीडशे किलोमीटर चालवून पुन्हा पाहावे. पातळी रेघेवरच राहिली असेल, तर गाडी त्या क्षणी थांबवावी. ही तपासणी चालू असताना पेट्रोलच्या टाकीत २ टक्के ऑइल मिसळलेलेच पेट्रोल असावे. धूर थोडा वाढेल, प्लग काळा होईल, पण ब्लॉक वाचेल. पंपाच्या चाकावरची खूण आणि केबलचा ताण जुळवणे अनेकजण विसरतात. केबल सैल असेल तर भरधाव वेगात ऑइल कमी पडते. टाकी एकदा पूर्ण रिकामी झाली की नळीत हवा अडकते, आणि नुसते ऑइल भरल्याने ती जात नाही. पंपावरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्यावे लागते. याउलट, रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पांढऱ्या धुराचा लोट सोडत असेल, तर पंपापुढचा चेक वाल्व (ऑइल एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) गळत असण्याची शक्यता प्रथम तपासावी.

मापातल्या चुका

मिसळण्याची पद्धत निवडणाऱ्यांचा हिशेब बहुधा अंदाजाने चालतो. १:५० म्हणजे लिटरला २० मिलिलिटर आणि १:४० म्हणजे २५ मिलिलिटर. ५ लिटरच्या कॅनला अनुक्रमे १०० आणि १२५. बाटलीच्या झाकणाने मोजू नये. ‘थोडे जास्त टाकले तर इंजिन सुरक्षित’ ही समजूतही खरी नाही, कारण जास्तीचे ऑइल कार्बोरेटरच्या जेटमधून (बारीक छिद्रातून) जाणाऱ्या पेट्रोलची जागा घेते, मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण घटते, इंजिन जास्त तापते आणि सायलेन्सरच्या तोंडाशी काजळी साचते. टाकी भरल्यानंतर वरून ऑइल ओतणे ही दुसरी सवय सोडावी. ऑइल जड असल्याने तळाशी बसते, आधी प्लग बुजतो आणि नंतर पेट्रोल जवळजवळ कोरडे येते. ऑइल आधी, पेट्रोल नंतर, आणि कॅन चांगला हलवावा.

चार-स्ट्रोक गाडीचे २०डब्ल्यू-४० ऑइल यासाठी वापरू नये. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला डब्यावर जासो (जपानी मानक) एफसी किंवा एफडी लिहिलेले टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचे, ऑइल घ्यावे. बोटीच्या इंजिनांसाठीचे टीसी-डब्ल्यू३ ऑइल पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी असते, त्यामुळे ते दुचाकीत चालत नाही.

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत चालणाऱ्या टू-स्ट्रोक ब्रश कटरला (गवत कापण्याच्या यंत्राला) बहुधा पंप नसतोच, तेथे मिश्रणच योग्य. यंत्र तिरपे धरून चालवावे लागते आणि वेगळा पंप म्हणजे विनाकारण वजन. तेथील चूक साठवणुकीची असते. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतला ओलावा ओढते, आणि पावसाळाभर गोठ्यात ठेवलेले मिश्रण दिवाळीत वापरले तर यंत्र धडपणे चालत नाही. महिन्याभरात संपेल एवढेच बनवावे, कॅनवर तारीख लिहावी आणि यंत्र ठेवण्यापूर्वी कार्बोरेटर रिकामा करावा, नाहीतर पेट्रोल उडून जाते आणि उरलेल्या चिकट ऑइलने जेट बंद पडतो. मोटारसायकलच्या साध्या पेट्रोलचा कॅन आणि हा कॅन शेजारी असतील आणि गड्याला शंका आली, तर पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून दोन मिनिटे थांबावे. साधे पेट्रोल माग न ठेवता उडून जाते. तेलकट, पारदर्शक डाग उरला तरच ते ब्रश कटरमध्ये ओतावे.