तडजोडीचं इंग्रजी बोलताना फ्रेंच भाषक कुठे अडकतात: या चुका टाळा

फ्रेंच मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी वाचायला फारसं जड जात नाही, कारण दोन्ही भाषांत हजारो शब्द सारखे आहेत. अडचण येते ती वाटाघाटी करताना आणि आयत्या वेळी काहीतरी निभावून न्यायचं असतं तेव्हा. तिथे वाक्य व्याकरणात बसतं, पण ऐकणारा भलताच अर्थ घेतो आणि सभ्यपणे गप्प राहतो. म्हणून ही चूक बोलणाऱ्याला वर्षानुवर्षं कळत नाही. पुण्यामुंबईत फ्रेंच शिकून पुढे फ्रेंच सहकाऱ्यांबरोबर इंग्रजीत काम करणाऱ्या मराठी माणसांनीही ती ओळखायला हवी.

सगळ्यात महाग पडणारा शब्द म्हणजे ‘कॉम्प्रमाइज’. फ्रेंचमध्ये ‘काँप्रोमी’ हे नाम म्हणजे तडजोड, पण ‘काँप्रोमेत्र’ हे क्रियापद म्हणजे धोक्यात आणणं किंवा बदनाम करणं. तडजोड करायची तर ‘फेर अँ काँप्रोमी’ म्हणतात. इंग्रजीत मात्र एकच क्रियापद दोन्ही कामं करतं आणि अर्थ ठरतो त्याच्याभोवतीच्या रचनेवर. ‘वी कॉम्प्रमाइज्ड ऑन द डेडलाइन’ म्हणजे मुदतीबाबत आम्ही थोडं मागे सरलो. यातला ‘ऑन’ गाळला की मुदतच धोक्यात आणल्याचा अर्थ होतो. ‘आवर पोझिशन इज कॉम्प्रमाइज्ड’ हे त्याहून वाईट. आपली भूमिका आता मधली आहे असं बोलणाऱ्याला सांगायचं असतं, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की काहीतरी फुटलं, गुपित बाहेर गेलं. उपाय सोपा आहे: माणसांमधल्या तडजोडीसाठी कर्मणी रचना टाळायची आणि ‘वी रीच्ड अ कॉम्प्रमाइज’ म्हणायचं.

दुसरी चूक वाइनची. ‘मेत्र द लो दाँ सों व्हँ’, म्हणजे आपल्या वाइनमध्ये पाणी घालणं, ही फ्रेंचमध्ये शहाणपणाची खूण आहे. माणूस हट्ट सोडून मागण्या सौम्य करतो. विद्यार्थी तीच प्रतिमा इंग्रजीत नेतो आणि ‘वी वॉटर्ड डाउन अवर प्रपोझल’ म्हणतो. इंग्रजीत ही तक्रार आहे: प्रस्ताव पातळ केला, त्यातला जीव काढून घेतला. स्वतःच्याच कामाची अशी निंदा बैठकीत कोणी करत नाही. ‘वी सॉफन्ड अवर पोझिशन’ म्हटलं की हवा तो अर्थ पोहोचतो.

‘कुपे ला प्वार आँ द’ म्हणजे पेर हे फळ अर्धं अर्धं कापणं. इंग्रजीत याला ‘स्प्लिट द डिफरन्स’ म्हणतात, पण ते बहुतेक वेळा आकड्यांपुरतं. तुम्ही 400 युरो म्हणता, ते 500 म्हणतात, 450 वर सौदा होतो. कोणी कोणतं काम करायचं यावर वाद असेल तर ‘मीट हाफवे’ वापरा. त्यातही सूर सांभाळा. ‘यू हॅव टू मीट मी हाफवे’ म्हटलं की समोरच्याने अजून काहीच सोडलेलं नाही, असा आरोप होतो. ‘कॅन वी मीट हाफवे?’ मध्ये तो नाही.

आता आयत्या वेळच्या गोष्टी. फ्रेंच भाषक बोलताना सर्रास ‘ओ फीलिंग’ म्हणतात. शब्द इंग्रजी दिसतो म्हणून ‘वी डू इट अॅट द फीलिंग’ असं वाक्य तयार होतं, जे इंग्रज माणसाला कळतच नाही. हवं असतं ‘प्ले इट बाय इअर’, म्हणजे आत्ता ठरवायचं नाही, परिस्थिती बघून ठरवू. यातला ‘इट’ गाळू नका. तो गेला की स्वरलिपी न बघता वाद्य वाजवण्याचा मूळ अर्थच उरतो.

याच्या शेजारी ‘विंग इट’ ठेवून बघा. हा रंगभूमीवरून आला: विंगेत उभं राहून ऐनवेळी संवाद पाठ करणाऱ्या नटावरून. म्हणून त्यात तयारी नसल्याची कबुली आहे. ‘प्ले इट बाय इअर’ ग्राहकासमोर चालतं, तिथे ‘आय विल विंग इट’ म्हटलं तर विश्वास जातो. फ्रेंच ‘इंप्रोव्हिझे’, म्हणजे आयत्या वेळी निभावून नेणं, दोन्हीकडे चालतं, आणि घोळ तिथेच होतो. मित्रांमध्ये मात्र ‘विंग इट’ खुशाल म्हणा.

‘फेर आवेक’, म्हणजे आहे त्यात भागवणं. इंग्रजीत ‘मेक डू’. फ्रेंचला ‘मेक’ आणि ‘डू’ या दोन्हींसाठी ‘फेर’ हे एकच क्रियापद पुरतं, त्यामुळे दोनांतलं एक गळतं. ‘आय कुड डू विथ अ स्मॉलर रूम’ असं वाक्य निघालं तर ऐकणारा खरोखरच लहान खोली शोधून देईल, कारण ‘कुड डू विथ’ म्हणजे ‘मिळाली तर बरं होईल’. ‘आय कॅन मेक डू विथ अ स्मॉलर रूम’ शिकवा; भूतकाळात ‘मेड डू’.

शिकवताना मी यादी पाठ करून घेत नाही. प्रत्येक वाक्प्रचारानंतर दोन प्रश्न विचारते: यात कोणी काय सोडलं? आणि हे वाक्य तू साहेबांसमोर म्हणशील का? ‘वॉटर डाउन’ पहिल्या प्रश्नावर अडतं, ‘विंग इट’ दुसऱ्यावर.

काही जोड्यांना फार वेळ देऊ नका. पिएरचे कपडे काढून पॉलला घालायची फ्रेंच म्हण इंग्रजीत ‘रॉब पीटर टू पे पॉल’ होते. तिथे फक्त कपड्यांऐवजी चोरी आणि देणं आणायचं. लोणीही हवं आणि लोण्याचे पैसेही, ही म्हण इंग्रजीत केकवर येते: ‘हॅव युअर केक अँड ईट इट’, म्हणजे केक खायचाही आणि शिल्लकही ठेवायचा. पण फ्रेंच लोक तिला पुढे ‘आणि दूधवालीचं हसूही’ असं शेपूट जोडतात, त्याला इंग्रजीत रुळलेली जोड नाही, तेव्हा ते तेवढं सोडून द्या.