ट्रेलहेडला गाडी लावायची तर आधी जमीन कोणाची ते बघा

अमेरिकेत हायकला जायचं ठरलं की सगळे ट्रेल किती मैलांचा, चढ किती, वरून काय दिसतं एवढं बघतात आणि निघतात, आणि मग साडेनऊला तिथे पोचल्यावर कळतं की पार्किंग लॉट फुल आहे, नाहीतर पास लागतो, नाहीतर रिझर्वेशन नसेल तर गेटवरूनच परत पाठवतात. लहान मुलं मागच्या सीटवर, दोन तासांचं ड्रायव्हिंग झालेलं, आणि परत फिरायचं, फार वाईट वाटतं हो. यातलं जवळपास सगळं आदल्या रात्री घरी बसून दहा-पंधरा मिनिटांत सोडवता येतं, फक्त काय बघायचं ते माहीत पाहिजे, म्हणून सविस्तर लिहितेय.

सगळ्यात पहिला प्रश्न "पार्किंग किती?" हा नाहीच. पहिला प्रश्न आहे की ट्रेलहेडची, म्हणजे जिथून ट्रेल सुरू होतो तिथली, जमीन कोणाची. नॅशनल पार्क, नॅशनल फॉरेस्ट, स्टेट, काउंटी किंवा सिटी, आणि खाजगी, हे सगळे वेगळे मालक आहेत आणि प्रत्येकाचा पास वेगळा, एकाचा दुसऱ्याकडे चालेलच असं नाही. सिएटलजवळचं उदाहरण घ्या, आय-९० हायवेने पूर्वेला निघालात की एकाच रस्त्यावर तीन फेमस ट्रेल आहेत. माउंट साय स्टेटच्या जमिनीवर, तिथे वॉशिंग्टन स्टेटचा डिस्कव्हर पास लागतो. रॅटलस्नेक लेज सिएटल शहराच्या पाणीपुरवठ्याच्या जमिनीवरून सुरू होतो, तिथे काहीच लागत नाही. आणि पुढे घाटात गेलात की स्नो लेक हा नॅशनल फॉरेस्टमध्ये, तिथे त्या भागातल्या नॅशनल फॉरेस्टचा नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास किंवा अमेरिका द ब्युटिफुल पास (फेडरल जमिनींसाठीचा वार्षिक पास, त्याबद्दल पुढे लिहिलंय). म्हणजे माउंट सायला अमेरिका द ब्युटिफुल पास डॅशबोर्डवर ठेवून गेलात तर दंडाचं तिकीट मिळणार, पास खरा असला तरी. गूगल मॅप्सवर हे कळत नाही, ट्रेल ज्यांचा आहे त्यांच्या अधिकृत पानावर "फीज अँड पासेस" असतं तेवढं उघडून बघायचं.

नॅशनल फॉरेस्ट सांभाळणाऱ्या फॉरेस्ट सर्व्हिसचे दर तसे सोपे आहेत, नॉर्थवेस्ट फॉरेस्ट पास दिवसाला ५ डॉलर आणि वर्षाला ३०, सदर्न कॅलिफोर्नियातला अॅडव्हेंचर पासही तसाच ५ आणि ३०. दोन्हींच्या जागी अमेरिका द ब्युटिफुल चालतो. आणि एक गोष्ट बऱ्याच लोकांना माहीत नसते ती सांगते. २००४ च्या फेडरल कायद्याप्रमाणे फॉरेस्ट सर्व्हिसला नुसतं गाडी लावल्याबद्दल पैसे घेता येत नाहीत, तिथे टॉयलेट, कचऱ्याचा डबा, पिकनिक टेबल, माहितीचा बोर्ड, नीट केलेलं पार्किंग, देखरेख अशा सोयी असाव्या लागतात. म्हणून फॉरेस्टमधले बरेचसे आडबाजूचे ट्रेलहेड फ्री असतात. त्याच कायद्याप्रमाणे जमा झालेल्या फीमधला निदान ८० टक्के भाग साधारणपणे ती जिथे गोळा झाली तिथेच राहतो. टॉयलेट साफ ठेवायला, पडलेली झाडं बाजूला करायला माणसं लागतात, त्यामुळे कोणी बघत नाही म्हणून ५ डॉलर न देता जाणं मला खरंच पटत नाही.

आता अमेरिका द ब्युटिफुल पास. इथे राहणाऱ्यांसाठी वर्षाचे ८० डॉलर. जिथे फी गाडीवर असते तिथे गाडीतले सगळे त्यात येतात, जिथे माणशी असते तिथे पासधारक आणि आणखी तीन मोठी माणसं, १६ वर्षांखालच्या मुलांना तसंही फी नाही. वर्षात तीन-चार मोठी पार्कं होणार असतील तर घ्याच. पण २०२६ पासून नियम बदललाय आणि भारतातून आईबाबा, सासूसासरे येणार असतील तर हे नीट वाचा. बाहेरच्या देशात राहणाऱ्यांसाठी हाच पास आता २५० डॉलरचा आहे, आणि तो नसेल तर अकरा मोठ्या पार्कांमध्ये नेहमीच्या फीशिवाय माणशी १०० डॉलर जास्तीचे लागतात. यलोस्टोन, योसेमिटी, ग्रँड कॅन्यन, झायन, ग्लेशियर, रॉकी माउंटन, अकेडिया ही त्यातली काही, म्हणजे पाहुण्यांना दाखवायला आपण जिथे नेतो नेमकी तीच. गेटवर फोटो आयडी मागतात, तर पाकीट घरी विसरू नका, आणि पाहुणे सोबत असतील तर त्या पार्कचं फीचं पान आदल्या दिवशी वाचूनच निघा. दुसरं, ६२ वर्षांवरच्यांसाठी २० डॉलरला वर्षाचा आणि ८० ला आयुष्यभराचा जो सिनियर पास आहे तो फक्त अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांना मिळतो. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईबाबांना मिळत नाही, वय बसत असलं तरी.

हा पास कुठे चालत नाही तेही बघून ठेवा. स्टेट पार्कात नाही. शटल बसला, कॅम्पिंगला, रिझर्वेशनच्या फीला नाही. माउंट रशमोरला आत जायला फी नाही पण पार्किंगला आहे, आणि त्या पार्किंगला हा पास चालत नाही.

ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कबद्दल वेगळं लिहावं लागेल कारण तिथे सगळ्यात जास्त लोक गोंधळतात. पार्कला एंट्री फी नाही हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि ते आजही खरं आहे, टेनेसीने तिथला मुख्य रस्ता फेडरल सरकारला देताना त्यावर कधीही टोल लावायचा नाही अशी अट घातली होती. पण १ मार्च २०२३ पासून १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ गाडी उभी करायची असेल तर पार्किंग टॅग लागतो, दिवसाला ५ डॉलर, आठवड्याला १५, वर्षाला ४०. नुसतं गाडीतून फिरलात, एखाद्या ओव्हरलूकला (रस्त्यावरच्या व्ह्यू पॉइंटला) पाच मिनिटं थांबून फोटो काढलात तर टॅग नको, पण ट्रेलला जाणार म्हणजे टॅग लागणारच. अमेरिका द ब्युटिफुल इथे चालत नाही. टॅग गाडीच्या नंबरवर असतो, त्यामुळे दोन गाड्या असतील तर दोन टॅग, आणि तो कागदावरच लागतो, फोनमधली पावती दाखवून भागत नाही. दिवसाचा किंवा आठवड्याचा ऑनलाइन घेतलात तर प्रिंट काढूनच निघा. पूर्वी तिथे रस्त्याच्या कडेला मैलभर गाड्या लागायच्या, आता आखलेल्या जागीच लावायची.

आता रिझर्वेशन. इथे तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक एक घेऊन दुसरी विसरतात. एक असतं गाडी लावायच्या जागेचं रिझर्वेशन, दुसरं ठरलेल्या वेळेत गाडी आत न्यायचं, आणि तिसरं त्या ट्रेलवर चालायचं परमिट, माणशी.

जागेचं म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोजवळचं म्युअर वुड्स हे रेडवुडचं जंगल, २०१८ पासून तिथे गाडी आणायची तर आधी बुक करावंच लागतं, नाहीतर शटल, तेही बुक करून. आसपासच्या रस्त्यावर लावायला बंदी आहे आणि तिथे फोनला रेंज नाही, म्हणजे पोचून बुक करू असं म्हणालात तर होणार नाही, कन्फर्मेशनचा स्क्रीनशॉट घरूनच काढून घ्या. हवाईत डायमंड हेड या डोंगराच्या ट्रेलला २०२२ पासून हवाईबाहेरच्यांना रिझर्वेशन लागतं, माणशी ५ डॉलर आणि गाडीचे वेगळे १०, तीस दिवस आधी उघडतं आणि पार्किंगचे स्लॉट दोन-दोन तासांचे असतात, तेव्हा चढून उतरायला किती वेळ लागेल याचा अंदाज मोकळा धरा, विशेषतः गुडघे दुखणारं कोणी सोबत असेल तर. पार्किंगचा स्लॉट संपला असेल तर बस किंवा टॅक्सीने या, नुसतं एंट्रीचं रिझर्वेशन बरेचदा शिल्लक असतं.

गाडी आत न्यायच्या रिझर्वेशनचं उदाहरण मेन राज्यातल्या अकेडियातला, डोंगरमाथ्यावर जाणारा कॅडिलॅक समिट रोड. मे अखेर ते ऑक्टोबर, गाडीमागे ६ डॉलर, पार्कच्या एंट्रीशिवाय वेगळे. यात शिकण्यासारखी गोष्ट म्हणजे ३० टक्के जागा ९० दिवस आधी सोडतात आणि उरलेल्या ७० टक्के फक्त दोन दिवस आधी सकाळी १० ला. म्हणजे महिन्यापूर्वी बघितलं, सगळं संपलेलं, म्हणून नाद सोडून दिला असं करू नका, दोन दिवस आधी दहाच्या ठोक्याला लॉगिन होऊन बसा. आणि ही दहाची वेळ तिकडची, म्हणजे पूर्व किनाऱ्याची, तुम्ही कॅलिफोर्नियात असाल तर सकाळचे सात. रॉकी माउंटनलाही गेल्या काही सीझनमध्ये असंच होतं, काही जागा आदल्या संध्याकाळी सातला सोडायचे. तिथे बेअर लेक रोडला पहाटे ५ ते संध्याकाळी ६ रिझर्वेशन लागायचं पण बाकी पार्कला फक्त ९ ते २, म्हणजे बेअर लेकचा हट्ट सोडला आणि आठला गेटवर पोचलात की काहीच नको. वेळेबाहेर जाणं हा माझ्या मते सगळ्यात सोपा उपाय आहे आणि सगळ्यात कमी लोक तो वापरतात.

चालायचं परमिट म्हणजे झायनचं एंजल्स लँडिंग, १ एप्रिल २०२२ पासून लॉटरी आहे. शेनांडोहमधल्या ओल्ड रॅगला मार्च ते नोव्हेंबर माणशी २ डॉलरचं तिकीट, पार्कची एंट्री फी वेगळी. कोलोरॅडोतल्या हँगिंग लेकला माणशी १२ डॉलर. ही तिकिटं मुख्य गेटवर आपोआप मिळत नाहीत, आणि वार्षिक पासमध्ये धरलेली नसतात.

बहुतेक फेडरल बुकिंग रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी साइटवर होतं. त्यावर अकाउंट आधीच काढून कार्ड सेव्ह करून ठेवा, आणि कॅन्सल झालेल्या जागा परत तिथेच येतात म्हणून जायच्या दोन-तीन दिवस आधी अधूनमधून बघत राहा. मागच्या वर्षी गेलेल्या मित्राच्या सांगण्यावर मात्र जाऊ नका. योसेमिटीचंच बघा, २०२० ते २०२२ रिझर्वेशन होतं, २०२३ च्या उन्हाळ्यात काढलं, २०२४ ला परत आणलं. प्रत्येक सीझनला नव्याने बघावं लागतं.

खाजगी जमिनीचा मुद्दा छोटा पण महत्त्वाचा. न्यूयॉर्क राज्यातल्या अॅडिरॉन्डॅक्स डोंगरांमध्ये काही हाय पीक्सचा (उंच शिखरांचा) रस्ता एका खाजगी क्लबच्या जमिनीतून जातो, तिथे मे ते ऑक्टोबर रिझर्वेशन लागतं, ते फुकट आहे पण लागतंच, चालत आलात तरी, आणि कुत्रा नेता येत नाही. अशा ठिकाणी आपण पाहुणे असतो, मालकाने उद्या नाही म्हटलं तर ट्रेल सगळ्यांसाठीच बंद होईल, म्हणून नियम तंतोतंत पाळा.

लहान ट्रेलहेडला कोणी माणूस नसतो, लोखंडी पेटी असते आणि पाकिटं. पाकिटावर गाडीचा नंबर, तारीख लिहायची, पैसे आत घालून पेटीत टाकायचं आणि फाडलेला तुकडा डॅशबोर्डवर किंवा आरशाला लावायचा. सुट्टे मिळत नाहीत, म्हणून गाडीत ५ आणि १ च्या नोटा आणि एक पेन कायम ठेवा. काही ठिकाणी क्यूआर कोड असतो पण रेंज नसते तेव्हा त्याचा उपयोग नाही.

लॉट फुल असेल तर रस्त्याच्या कडेला कशीतरी तिरकी लावून पळू नका. "नो पार्किंग" चा बोर्ड असेल किंवा चाक पांढऱ्या रेषेच्या आत येत असेल तर गाडी टो होऊ शकते, म्हणजे उचलून नेतात, आणि टोपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे वर कोणी पडलं तर अँब्युलन्सला तिथूनच यायचं असतं. दुसरा ट्रेल आधीच ठरवून ठेवा, वीसेक मिनिटांच्या अंतरावरचा, कमी नावाचा, आणि त्याची जमीन कोणाची तेही बघून ठेवा. शटल असेल तर गाडीचा विचारच सोडा. झायनमध्ये शटलच्या सीझनला सीनिक ड्राइव्ह या आतल्या मुख्य रस्त्यावर खाजगी गाड्या सोडतच नाहीत, व्हिजिटर सेंटरचा लॉट सकाळीच भरतो, मग बाहेर स्प्रिंगडेल गावात पैसे देऊन लावायची आणि गावातल्या फ्री शटलने गेटपर्यंत यायचं, पार्कातली शटलही फ्री आहे.

रस्ता उघडा आहे का हेही बघा. योसेमिटीतला टायोगा रोड, ग्लेशियरमधला गोइंग टू द सन रोड, रॉकी माउंटनमधला ट्रेल रिज रोड हे हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतात आणि काही वर्षी जूनमध्येही पूर्ण उघडलेले नसतात, त्यामुळे तिथले ट्रेलहेडच गाठता येत नाहीत. फॉरेस्टमधल्या कच्च्या रस्त्यांवर खड्डे असतात आणि रेंटल गाडीच्या करारात बरेचदा कच्च्या रस्त्याला मनाईच असते, तिथे काही झालं तर खर्च तुमच्यावर. स्टेट पार्कांची गेटं बरेचदा अंधार पडताना बंद होतात, ती वेळ बोर्डवर लिहिलेली असते, उतरायला उशीर होणार असेल तर गाडी आत अडकते.

गाडीत बॅग, लॅपटॉप, कॅमेरा काही दिसेल असं ठेवू नका, आणि ट्रेलहेडला पोचून डिकीत टाकू नका, कोणी बघत असेल तर त्याला कळतंच, ते घरून निघतानाच करा. अस्वलांच्या भागात खाणं, टूथपेस्ट, सनस्क्रीन, मुलांच्या कार सीटखाली पडलेली बिस्किटं हे सगळं वास येणारं आहे, योसेमिटीत रात्री गाडीत खाणं ठेवायला बंदी आहे, ट्रेलहेडला लोखंडी लॉकर असतात त्यात ठेवायचं.

ग्रुपने जाणार असाल तर जितक्या कमी गाड्या तितकं बरं, बहुतेक फी गाडीमागे असते आणि जागाही वाचते. हायवेजवळच्या पार्क अँड राइडला (गाडी ठेवून पुढे बसने किंवा दुसऱ्याच्या गाडीने जायचा सार्वजनिक लॉट) भेटून एका गाडीत बसा, पण तिथेही किती तास गाडी ठेवता येते ते बोर्डवर वाचून मगच निघा.