पीटेन जनुकावर काम सुरू करताय? आधी ‘वाढ’ कोणती ते ठरवा

उंदराच्या पीटेनवर प्रकल्प मिळाला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘हे जनुक पेशींची वाढ रोखतं.’ वाक्य चूक नाही, पण त्यातला अनुस्वार नीट बघा. पेशीची वाढ म्हणजे एकेक पेशी आकाराने मोठी होणं. पेशींची वाढ म्हणजे संख्या वाढणं. उंदराच्या चेतापेशींमधून पीटेन काढलं तर विभाजन कधीच थांबलेल्या पेशीही फुगतात आणि मेंदू मोठा होतो. प्रोस्टेटमधून काढलं तर पेशींची संख्या वाढून गाठी होतात. दोन्हींचं मोजमाप वेगळं, त्यामुळे प्रयोगही वेगळे.

यंत्रणा थोडक्यात. इन्सुलिनसारखा संदेश रिसेप्टरला लागला की पीआय३के हे एन्झाइम पेशीपटलातल्या पीआयपी२ या मेदरेणूवर तिसऱ्या जागी फॉस्फेट चढवतं आणि पीआयपी३ तयार होतो. त्याला धरून एकेटी हे वाढीचा संदेश पुढे नेणारं एन्झाइम पटलापाशी येतं आणि थ्रिओनीन ३०८ व सेरीन ४७३ या जागांवर फॉस्फेट मिळून कामाला लागतं. पीटेन जनुकाचं त्याच नावाचं प्रथिन तिसऱ्या जागेवरचा तो फॉस्फेट उतरवतं. पीआय३के हा टाकीचा वरचा नळ, पीटेन ही खालची तोटी. तोटी बंद असेल तर नळ नुसता ठिबकत असला तरी टाकी भरते. म्हणूनच पीटेन नसलेल्या पेशींतला फरक उपाशी अवस्थेत जास्त ठळक दिसतो. भरपूर इन्सुलिन दिल्यावर साध्या पेशींतही एकेटी पेटलेलं असतं, मग ब्लॉटवर, म्हणजे जेलवर प्रथिनं वेगळी करून अँटिबॉडीने ओळखायच्या चाचणीत, दोन्ही बँड (पट्टे) सारखेच दिसतात आणि ‘काहीच फरक नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो.

पीटेनच्या दोन्ही प्रती गेलेले गर्भ पहिल्या दहा दिवसांतच मरतात, म्हणून फ्लॉक्स उंदीर, म्हणजे हवं तेव्हा जनुक कापता येईल असे उंदीर, वापरतात. त्यांच्यात फॉस्फेट उतरवणारा गाभा ज्यात आहे त्या पाचव्या एक्सॉनच्या (जनुकाच्या तुकड्याच्या) दोन्ही बाजूंना लॉक्स-पी या कापणीच्या खुणा बसवलेल्या असतात. क्री हे कापणारं एन्झाइम आलं की तो तुकडा कापला जातो. दोन्ही प्रती फ्लॉक्स असलेली मादी आणि एक प्रत फ्लॉक्स व क्री असलेला नर यांच्या पिलांत हवं ते, म्हणजे दोन्ही प्रती फ्लॉक्स आणि क्री असलेलं, पिल्लू चारांत एक, म्हणजे आठ पिलांच्या वेतात साधारण दोन. सहा पिलं हवी असतील तर तीन वेतांत भागेल असं कागदावर दिसतं. पाच धरून चाला. पीटेन उंदराच्या १९व्या गुणसूत्रावर आहे. तुमचं क्रीही त्याच गुणसूत्रावर असेल तर हे गणित साफ कोसळतं. प्राणी नीतिमत्ता समितीची मंजुरी संकरापूर्वी हातात हवी, हे वेगळं सांगायला नको.

आता ब्लॉट. साडेतेरा दिवसांच्या गर्भातून काढलेले फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या पेशी) ०.१ टक्के सिरममध्ये १६ तास उपाशी ठेवा, मग १०० नॅनोमोलर इन्सुलिन १० मिनिटं. वेळ संपताच प्लेट थेट बर्फावर. लायसिस बफरमध्ये (पेशी फोडायच्या द्रावात) १ मिलिमोलर ऑर्थोव्हॅनाडेट आणि १० मिलिमोलर सोडियम फ्लोराइड हवंच. नाहीतर पेशी फुटताक्षणी फॉस्फेट उडायला लागतात. व्हॅनाडेट पीएच १० ला आणून रंगहीन होईपर्यंत उकळलेलं असावं. पिवळं दिसतंय तोवर त्यावर विसंबू नका. फॉस्फो अँटिबॉडीसाठी (फॉस्फेट लागलेलं प्रथिन ओळखणाऱ्या) ब्लॉकिंगला दूध नको, बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) घ्या. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेटवालं असल्याने पार्श्वभूमी काळवंडते. पीटेनमध्ये ४०३ अमिनो आम्लं आहेत, हिशेबाने ४७ किलोडाल्टन, पण जेलवर ते ५४ च्या आसपास धावतं. एकेटी ६० ला. दोन्ही इतके जवळ की मधून मेम्ब्रेन कापायचा मोह टाळा आणि दोन जेल चालवा. पीटेन मुळातच नसलेल्या पीसी-३ या मानवी पेशींचा लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) एका लेनमध्ये घाला, म्हणजे अँटिबॉडी खरं बोलते का ते कळेल.

क्री दिल्यावर दुसऱ्या दिवशी डीएनए कापलेला दिसतो, प्रथिन मात्र आधीचं शिल्लक असतं. २४, ४८, ७२ आणि ९६ तासांचे नमुने एकत्र चालवा. शेवटीही फिकट बँड राहिला तर जीनोमिक पीसीआर करा. बहुधा काही पेशींत कापणीच झालेली नसते. क्री स्वतःही जास्त प्रमाणात डीएनएला इजा करतं. म्हणून खरा कंट्रोल ‘क्री न दिलेल्या फ्लॉक्स पेशी’ हा नव्हे, तर तेवढंच क्री दिलेल्या साध्या पेशी.

सगळ्यात जास्त गोंधळ पुढे होतो. पीटेन गेलं, एकेटी पेटलं, आता पेशी भराभर वाढतील म्हणून वाट बघावी, तर त्या थांबतात. पसरट होतात, बीटा-गॅल या पेशींचं वार्धक्य दाखवणाऱ्या रंगात निळ्या दिसतात. प्रयोग फसलेला नसतो. पीटेन अचानक पूर्ण गेलं की पी५३ हे विभाजन थांबवणारं प्रथिन जागं होतं आणि पेशीला वार्धक्यात ढकलतं. शिवाय उंदराचे फायब्रोब्लास्ट नेहमीच्या २० टक्के ऑक्सिजनमध्ये तसेही लवकर थकतात. ३ टक्क्यांचा इन्क्युबेटर मिळाला तर वापरा, आणि पी५३ बघितल्याशिवाय नुसत्या संख्येच्या आलेखावरून काही लिहू नका.

आकार मोजताना फ्लो सायटोमीटरवर फक्त जी१ टप्प्यातल्या (डीएनए दुप्पट होण्याआधीच्या) पेशींचं फॉरवर्ड स्कॅटर (आकाराचा अंदाज देणारा विखुरलेला प्रकाश) घ्या. जी२ मधल्या (विभाजनाच्या तयारीतल्या) पेशी तशाही मोठ्या असतात. त्यांचं प्रमाण बदललं की सरासरी फुगते आणि पुन्हा तोच अनुस्वार आडवा येतो. सोबत २० नॅनोमोलर रॅपामायसिनचा एक संच ठेवा; हे औषध पेशीचा आकार वाढवणाऱ्या एमटॉर या प्रथिनाला रोखतं. आकार त्याने उतरला तर वाट एमटॉरमधून जाते.

शेवटी पीटेन परत घालून बघायचं, तेही तीन रूपांत: मूळ, काहीच न करणारं सी१२४एस, आणि मेदरेणूवरचा फॉस्फेट उतरवू न शकणारं पण प्रथिनांवरचा उतरवणारं जी१२९ई. ते मूळ पेशीत असतं तेवढंच घाला. जोरदार प्रमोटरखाली (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्याखाली) भरमसाट घातलं तर साध्या पेशीही थबकतात आणि त्याचा अर्थ काहीच लागत नाही. जी१२९ईने आकार पूर्ववत झाल्यासारखा वाटला तर नवा शोध लागला म्हणून धावत सुटण्याआधी त्या लेनमधल्या पीटेन बँडची जाडी बघा: प्रमाणाबाहेर तर घातलं गेलं नाही ना?