कॅट केलं की बोर्ड रीसेट होतोय? आधी राखीव पिन्स बघा

शिरोली किंवा गोकुळ शिरगावला एम्बेडेडचं काम धरणारी आपल्या कोल्हापूरची मुलं बहुतेक मायक्रोकंट्रोलरवर हात बसवून आलेली असतात. तिथं सगळ्या पिन्स आपल्याच. क्वालकॉमच्या चिपवर लिनक्स चालवायला घेतलं की हे गृहीतक सोडावं लागतं.

ड्रायव्हर तपासायला डीबगएफएसमधली (कर्नलची आतली माहिती दाखवणारी फाइलसिस्टम) जीपीआयओची, म्हणजे चिपच्या इनपुट-आउटपुट पिन्सची, फाइल कॅट करावी, म्हणजे 'कॅट' कमांडनं वाचावी, आणि बोर्ड रीसेट व्हावा, असं होऊ शकतं. ऊप्स नाही, पॅनिक नाही (कर्नलचे एररचे संदेश), सिरीयलवर थेट बूटलोडरच्या ओळी. मग पॉवर सप्लायमध्ये दोष हुडकण्यात दिवस जातो. कारण वेगळंच असतं. काही पिन्स ट्रस्टझोनच्या, म्हणजे चिपमधल्या लिनक्सपासून वेगळ्या ठेवलेल्या सुरक्षित भागाच्या, ताब्यात असतात, उदाहरणार्थ फिंगरप्रिंट सेन्सर जोडणाऱ्या एसपीआय बसच्या. याच राखीव पिन्स. ती फाइल उघडली की ड्रायव्हर एकेका पिनचं रजिस्टर वाचत जातो, आणि अशा पिनचं रजिस्टर नुसतं वाचणंही हार्डवेअरला घुसखोरी वाटते. तुम्ही रूट असलात तरी फरक पडत नाही. रूटची सत्ता लिनक्सपुरतीच.

यावरचा उपाय 2018 मध्ये कर्नलमध्ये आला: डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कुठं आहे ते कर्नलला सांगणारी फाइल) 'जीपीआयओ-रिझर्व्ड-रेंजेस' ही राखीव पिन्सची यादी लिहायची. स्नॅपड्रॅगन 845 च्या एमटीपी या क्वालकॉमच्या चाचणी बोर्डला तिथं 0 4 आणि 81 4 अशा जोड्या आहेत. दुसरा आकडा शेवटच्या पिनचा नाही, पिन्स किती ते सांगतो. म्हणजे 0 ते 3 आणि 81 ते 84. इथं एक आकडा चुकला तरी रीसेट तसाच राहतो, म्हणून ही ओळ दोनदा वाचा.

स्वतःचा डीबग आउटपुट लिहिताना रजिस्टरला हात लावण्याआधी 'जीपीआयओचिप_लाइन_इज_व्हॅलिड' या कर्नलच्या फंक्शनला विचारा, ही पिन वापरता येते का. उत्तर नाही आलं तर ती पिन सोडून पुढं जा. तिच्यासमोर 'लो' किंवा शून्य मात्र कधीच छापू नका. न वाचलेल्या पिनची किंमत छापणं मला फार धोक्याचं वाटतं, कारण पुढचा माणूस त्या शून्यावर विश्वास ठेवून सर्किट तपासायला बसतो. प्रत्येक ओळीत पिनचा क्रमांक असतोच, त्यामुळं मधली ओळ गाळली तरी गोंधळ होत नाही.

राखीव पिन्सची यादी बोर्ड देणाऱ्याकडून लेखी मागून घ्या. मिळाली नाही तर एकेक पिन वेगळी वाचून बघा, आणि वाचण्याआधी तिचा क्रमांक सिरीयलवर छापा. रीसेटच्या आधी शेवटचा छापलेला क्रमांक तुमच्या यादीत जाईल.